पाचारण कशासाठी? मध्यस्थी की रदबदली?

‘जगाची सेवा आणि जगासाठी मध्यस्थी हे मंडळीचे पाचारण आहे’ असे वाक्य एका ख्रिस्ती लेखात आले आहे. (मंडळी म्हणजे इथे ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांचा समुदाय, चर्च.) त्यावर विचारले आहे की, पाचारण म्हणजे बोलावणे, मग ते सेवेचे कसे असेल? आणि मध्यस्थी तर वादात करतात. इथे वाद कोणाचा?

दोन्ही शंका रास्त आहेत. त्यातली दुसरी जास्त खोल जाते, म्हणून पहिली आधी आटोपतो.

बोलावणे, आमंत्रण, निमंत्रण, पाचारण हे सगळे शब्द एका अर्थाचे वाटले तरी मराठीत त्यांच्या जागा ठरलेल्या आहेत. लग्नाला पाचारण कोणी करत नाही. बातमीत मात्र ‘अग्निशमन दलाला पाचारण करण्यात आले’, ‘लष्कराला पाचारण करावे लागले’ अशी वाक्ये नेहमी येतात. आमंत्रण पाहुण्याला असते, पाचारण कामाच्या माणसाला. ज्याला पाचारण होते त्याचा मान वाढतो की नाही, हा प्रश्नच तिथे नसतो. कोणीतरी अडचणीत आहे आणि हे काम त्याला येते, एवढेच कारण असते. बायबलचा नवा करार मुळात ग्रीकमध्ये आहे; त्यातल्या ‘क्लेसिस’ म्हणजे बोलावणे या शब्दासाठी ख्रिस्ती मराठीने हा शब्द घेतला, ही निवड मला फार नेमकी वाटते. मंडळीला बोलावले आहे ते बाहेरच्यांच्या गरजेसाठी, ही गोष्ट या शब्दात आपोआप येते. ‘मंडळी’ ज्या ग्रीक शब्दासाठी येतो तो ‘एक्लेसिया’ही ‘हाक मारणे’ या अर्थाच्या धातूपासूनच झाला आहे. ग्रीक नगरांत नागरिकांच्या सभेला एक्लेसिया म्हणत आणि तिथे चर्चा होई ती साऱ्या नगराच्या कारभाराची.

व्याकरणाची एक अडचण मात्र खरी आहे. ‘मंडळीचे पाचारण’ म्हटले की मंडळीने कोणाला बोलावले, की मंडळीला कोणी बोलावले, हे कळत नाही. ‘मंडळीला झालेले पाचारण’ म्हटले की गोंधळ संपतो.

आता मध्यस्थी. ख्रिस्ती लेखनात तिचा अर्थ इतरांसाठी देवाकडे केलेली प्रार्थना. रोजच्या मराठीत मध्यस्थ दोन पक्षांच्या मधोमध असतो. भाऊबंदकीत, जागेच्या व्यवहारात, संपाच्या वाटाघाटीत तो लागतो. त्याने कोणाचीच बाजू घेऊ नये अशी अपेक्षा असते. प्रार्थना करणारी मंडळी अशी तटस्थ असते का? मुळीच नाही. ती उघडपणे एका पक्षाची आहे. ती देवापुढे माणसांची बाजू घेऊन उभी राहते. म्हणून हा शब्द इथे खटकला तर नवल नाही.

या कामासाठी मराठीत आणखी चांगला शब्द आहे आणि तो रूढ मराठी बायबलमध्येच आहे. नव्या करारातल्या, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सर्व माणसांसाठी ‘विनंत्या, प्रार्थना, रदबदल्या व उपकारस्तुती’ करायला सांगितले आहे. रदबदली! ज्याचे वजन आहे त्याने ज्याचे नाही त्याच्यासाठी वरिष्ठांकडे शब्द टाकायचा, ही रदबदली. ती करणारा तटस्थ नसतो आणि आपली पत पणाला लावतो. ग्रीकमध्ये इथे ‘एन्टेउक्सिस’ आहे. इजिप्तमध्ये सापडलेल्या ग्रीक पपायरसांत (लव्हाळ्याच्या कागदावरच्या जुन्या लेखांत) हाच शब्द राजाकडे केलेल्या अर्जासाठी येतो. दरबारी वळणाचा मराठी शब्द त्याला किती चपखल बसला आहे!

त्याच अध्यायात, चारच वचनांनंतर, ‘मध्यस्थ’ हा शब्द येतो; पण तिथे तो एकट्या ख्रिस्तासाठी आहे आणि मूळ ग्रीक शब्दही वेगळा, ‘मेसितेस’, आहे. मध्यस्थ एकच, रदबदली करणारे सगळे, हा भेद मराठी भाषांतराने राखला आहे. आपण सरसकट ‘मध्यस्थी’ म्हणू लागलो की तो पुसला जातो, आणि मध्यस्थ एकच असेल तर मंडळी मध्यस्थी कशी करते, असा नवा प्रश्न उभा राहतो.

रदबदली कशी असते हे पाहायचे तर बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायातला अब्राहाम पाहा. सदोम नगराचा नाश होणार हे कळल्यावर तो देवासमोर उभा राहून विचारतो, तिथे 50 नीतिमान असतील तर? देव म्हणतो, त्यांच्यासाठी सगळे नगर वाचवीन. मग 45? 40? 30? 20? शेवटी तो 10वर येऊन थांबतो. मधेच स्वतःला धूळ आणि राख म्हणवून घेतो, पण हटत नाही. आणि हे सगळे कोणासाठी, तर जे नगर त्याचे नाही त्याच्यासाठी. यिर्मया या संदेष्ट्याने बाबेलातल्या (बॅबिलोनमधल्या) यहुदी बंदिवानांना पाठवलेल्या पत्रातही हेच आहे : ज्या नगरात तुम्हाला धरून नेले, त्या नगराचे हित पाहा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा. हित पाहणे आणि प्रार्थना करणे, दोन्ही एकाच आज्ञेत.

म्हणूनच त्या लेखातल्या वाक्यात सेवा आणि प्रार्थना यांची जोडी आहे. यरुशलेममधल्या गरिबांसाठी पौल या प्रेषिताने इतर मंडळ्यांतून मदतनिधी गोळा केला, तेव्हा करिंथ नगरातल्या मंडळीला लिहिताना त्याने त्या मदतीला ‘दियाकोनिया’ आणि ‘लेइतुर्गिया’ असे दोन्ही शब्द एकत्र लावले. पहिला वाढप्याच्या, शुश्रूषेच्या सेवेचा. दुसरा अथेन्समध्ये श्रीमंत नागरिकाने स्वखर्चाने युद्धनौका सांभाळणे अशा लोककार्याचा. पुढे ग्रीक जुन्या करारात तो मंदिरातल्या याजकांच्या (पुरोहितांच्या) सेवेसाठी आला. पैशाची मदत हीसुद्धा उपासनाच, असे पौल त्यातून सांगतो. मराठीला इथे फारसे कष्ट पडत नाहीत. देवाची सेवा आणि रुग्णाची सेवा, आपल्याकडे शब्द एकच.

रदबदलीचे हे काम फक्त पाळकांचे, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंचे, नाही. इ.स. 155च्या सुमारास जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने रोममध्ये लिहिलेल्या वर्णनात जमलेले सगळे उठून उभे राहतात आणि स्वतःसाठी, नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यासाठी आणि ठिकठिकाणच्या इतर सर्वांसाठी प्रार्थना करतात. पेत्राच्या पहिल्या पत्रात सगळ्या विश्वासणाऱ्यांना ‘राजकीय याजकगण’ म्हटले आहे. (इथे राजकीय म्हणजे राजाचे, राजकारणातले नव्हे, आज हा शब्द वाचताना थबकायला होते.) याजकाने इतरांच्या वतीने देवापुढे उभे राहायचे असते, आणि इथे अख्खी मंडळीच याजक आहे.

रदबदलीला आज वशिलेबाजीचा वास येतो, हे मान्य. बदली, बढती, प्रवेश यांसाठी ती झाल्याचे आपण ऐकतो. तरीही दुबळ्यासाठी भीड खर्च करणे हा तिचा गाभा अजून शाबूत आहे, म्हणून मी तो शब्द सोडणार नाही. ‘मध्यस्थीची प्रार्थना’ हा प्रयोग मंडळ्यांत आता इतका रुळला आहे की त्याला चूक म्हणण्यात अर्थ नाही. पण सर्व वाचकांसाठी लिहायचे असेल तर मी ते वाक्य असे लिहीन : ‘जगाची सेवा करण्यासाठी आणि जगासाठी रदबदली करण्यासाठी मंडळीला पाचारण झाले आहे.’ आणि एकाहून अधिक मंडळी असतील तर बेलाशक ‘मंडळ्यांना’ लिहा. रोजच्या बोलण्यात हे अनेकवचन सहसा ऐकू येत नसले तरी ख्रिस्ती मराठीत ते पूर्वीपासून आहे.