पत्ते दिसले की 18+? गेमच्या रेटिंगवर तुमचे प्रश्न

या वेळी गेमच्या वयाच्या रेटिंगबद्दल जरा जास्तच मेल आलेत, त्यामुळे सगळा कॉलम त्यालाच दिलाय. लांबलचक मेल छोटे केलेत, नावं काढलीत.

दादा, मी आणि मित्र मिळून मेंढीकोटवर एक मोबाईल गेम बनवतोय. पत्ते नेहमीचेच, पण हुकमाच्या पत्त्यांना जादूच्या पॉवर दिल्यात. पैसे लावणं नाही, चिप्स नाहीत. एकजण म्हणाला पत्ते दिसले की सरळ 18+ बसतं आणि मग युरोपात गेम कुणाला दिसत नाही. खरं का? (नाशिक)

अर्धं खरं, अर्धं ऐकीव.

आधी हे रेटिंग येतं कुठून ते बघ. प्ले कन्सोलमध्ये, म्हणजे गूगल प्लेवर गेम चढवायच्या पॅनेलमध्ये, गेम टाकताना एक फॉर्म भरावा लागतो, त्यामागे आयएआरसी नावाची सिस्टीम आहे, गूगल प्लेने ती 2015 पासून लावलीये. मारामारी आहे का, रक्त दिसतं का, शिव्या, नशा, जुगार, खेळणारे एकमेकांशी चॅट करू शकतात का, लोकेशन शेअर होतं का, असे प्रश्न असतात. तू उत्तरं देतोस आणि लगेच अमेरिकेचं ईएसआरबी, युरोपचं पेगी, जर्मनीचं यूएसके, ब्राझील, ऑस्ट्रेलिया असं सगळ्या रेटिंग बोर्डांचं रेटिंग एकदम हातात पडतं. भारतात स्वतःचं बोर्ड नाही म्हणून आपल्याला 3+, 7+, 12+, 16+, 18+ अशी सरसकट पट्टी दिसते. एक रुपया लागत नाही. आणि आधी कुणी माणूस बसून तुझा गेम खेळून बघतो असंही नाही, म्हणजे तुझी उत्तरं हेच तुझं रेटिंग.

आता पत्त्यांचं. तुझ्या मित्राने बहुतेक बलाट्रोचं ऐकलं असणार. कॅनडातल्या एका माणसाने जवळपास एकट्याने बनवलेला गेम, खरं नाव सांगत नाही, लोकलथंक या नावाने ओळखतात. पोकरचे हात (ठरावीक पत्त्यांचे संच) लावायचे, पॉइंट मिळवायचे, जोकर गोळा करायचे, बास. बेटिंग नाही, समोर दुसरा खेळाडू नाही, खऱ्या पैशाने आत काही विकत घ्यायची सोय नाही. 20 फेब्रुवारी 2024 ला आला, तुफान चालला, आणि दीड आठवड्यात काही देशांतल्या स्टोअरवरून गायब! कारण काय तर रेटिंग 3+ वरून रातोरात 18+ झालं. गेम परत आला, पण पेगीचं 18 काही हटलं नाही. पेगीचं म्हणणं असं की गेम पोकरचे हात शिकवतो आणि ते ज्ञान खऱ्या पोकरमध्ये वापरता येतं. अमेरिकेच्या ईएसआरबीने मात्र हाच गेम 10 वर्षांवरच्या सगळ्यांसाठी ठीक म्हटलेला. एकच गेम, तेच पत्ते!

डिसेंबर 2024 मध्ये लोकलथंकने जाहीरपणे टोमणा मारला की आता मीपण लूट बॉक्स (आत काय निघेल ते माहीत नसलेली विकतची पाकिटं) टाकतो, म्हणजे ईए कंपनीच्या फुटबॉल गेमसारखं मला पण 3 मिळेल. टोमणा होता पण मुद्दा बरोबर होता, त्या फुटबॉल गेममध्ये पोरं खऱ्या पैशाने पाकिटं विकत घेतात, आत कुठला प्लेयर निघेल ते नशीब, आणि तरी त्याला तेव्हा पेगी 3 होतं. कारण पेगीची व्याख्या कसिनोत जे खेळ खेळतात त्यांच्या चित्राकडे बघत होती, पैसे कुणाच्या खिशातून जातायत त्याकडे नाही. माझ्या मते हे सरळसरळ उलटं आहे.

मग प्रकाशकाने अपील केलं आणि फेब्रुवारी 2025 मध्ये पेगीच्या तक्रार मंडळाने बलाट्रोचं रेटिंग 12 केलं, गेममध्ये बरंच काल्पनिक आहे त्यामुळे सौम्य धरता येईल असं कारण देऊन. सोबत लक बी अ लँडलॉर्ड या स्लॉट मशीनवाल्या छोट्या गेमचंही 12 झालं, आणि जुगाराच्या थीमसाठी जास्त बारीक निकष करू असं पेगीने सांगितलं. म्हणजे अपील चालतं. पण पहिल्या गोंधळापासून निकालापर्यंत जवळजवळ वर्ष गेलं, आणि बलाट्रोच्या मागे प्रकाशक होता, लाखो कॉपी विकल्या गेल्या होत्या, बातम्या होत होत्या. तुम्ही दोघं नाशकात बसून अपील लिहिणार तेव्हा यातलं काहीच पाठीशी नसणार. फॉर्म फुकट आहे, भांडण फुकट नाही.

म्हणून भांडणाची वेळच येऊ नये असं बघ. मेंढीकोट कसिनोत कुणी खेळत नाही, दश्श्या पकडायच्या, हुकूम बोलायचा, चारही मेंढ्या आल्या की कोट, यात डाव लावणं मुळातच नाही. त्यामुळे जुगाराच्या प्रश्नाला तुझं प्रामाणिक उत्तर 'नाही' हेच आहे. फक्त ते दिसलंही तसंच पाहिजे. हिरव्या कापडाचं टेबल, चिप्सचे ढीग, 'बेट' लिहिलेलं बटण असलं काही सजावटीलाही नको. आणि ते रोजचं बक्षीस देणारं फिरतं चाक आजकाल सगळे डोळे झाकून टाकतात ना, ते नकोच, पत्त्यांनी नाही पण त्या चाकाने तू अडकशील. स्टोअरवरचा आयकॉन आणि स्क्रीनशॉट पण याच नजरेने बघ, तक्रार करणारा माणूस गेम डाउनलोड करतच नाही, चित्र बघून तक्रार करतो.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. 3+ लिहिलेला गेम लावून दिला तर दर दोन मिनिटांनी जाहिरात आणि 'हिरे विकत घ्या'. असल्या गेमला 3+ देतं कोण? (पुणे)

ताई, वर लिहिलंय तसं, गेम बनवणाऱ्याच्या उत्तरांवरून मिळतं. आणि त्या उत्तरांमध्ये गेम चांगला आहे का, पोराचा वेळ खातो का, हे कुणी विचारतच नाही. 3+ चा अर्थ एवढाच की आत भीतीदायक, हिंसक वगैरे काही नाही. खरेदीची सोय आहे हे गेमच्या पानावर वेगळं लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात, इन्स्टॉल बटणाच्या आसपास, तिथे 'जाहिराती आहेत' हे पण असतं. रेटिंगच्या आकड्याआधी त्या दोन ओळी बघत जा. आणि प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये खरेदीला पासवर्ड लावून ठेवा, आजच.

आणि एक, तीनशे-चारशे रुपयांना एकदाच विकत घ्यायचे, जाहिराती नसलेले छोटे गेम असतात, बहुतेक इंडी, म्हणजे स्वतंत्र छोट्या लोकांचेच. पोरांसाठी ते जास्त बरे पडतात. फुकटचं म्हणून जे घेतो ते पुढे महागात जातं.

आमच्या गेममध्ये एक साधू आहे, तो चिलीम ओढतो आणि खेळणाऱ्याची एनर्जी वाढते. मित्र म्हणतात ऑस्ट्रेलियात बॅन होईल. चिलीमवरून बॅन? (कोल्हापूर)

हो, होऊ शकतो! ऑस्ट्रेलियात नशा दाखवणं हा प्रॉब्लेम नाही, नशेचा फायदा मिळणं हा आहे. नशा केली आणि बक्षीस मिळालं, जसं तुझी एनर्जी, तर वर्गीकरणच नाकारतात, म्हणजे रेटिंगच देत नाहीत, आणि नाकारलं की गेम तिथे विकता येत नाही. 2008 मध्ये फॉलआउट 3 या गेममधल्या मॉर्फिनचं नाव बदलून मेड-एक्स करावं लागलं ते यामुळेच. 2019 ला डेझेड हा गेम अडकला, गांजाचा विषय होता, तर कंपनीने फक्त ऑस्ट्रेलियापुरतं नाही, सगळ्या जगासाठीच ते काढायचं ठरवलं. मोठ्या स्टुडिओलाही दोन व्हर्जन सांभाळणं परवडत नाही, तुला कुठून परवडणार?

पण कायम दगडावरची रेघ असंही नाही. डिस्को इलिसियम या गेमच्या द फायनल कट व्हर्जनला मार्च 2021 मध्ये असंच नाकारलं होतं, मग रिव्ह्यू झाला आणि मे महिन्यात आर18+ देऊन सोडलं, कारण त्या गेममध्ये नशेचे वाईट परिणामही दिसतात. हे आर18+ सुद्धा तिथे गेमसाठी 2013 पासूनच आलं, त्याआधी मोठ्यांसाठीचा वर्गच नव्हता, जे बसत नाही ते सरळ बाहेर.

तुझ्यासाठी दोन रस्ते आहेत. साधूने चिलीम ओढू दे पण एनर्जी त्याच्या आशीर्वादाने वाढू दे, किंवा चिलीम ओढल्यावर काहीतरी नुकसानही होऊ दे. मला पहिला जास्त आवडला. साधू म्हटलं की चिलीमच, हे आता जुनं झालं रे!

स्टीमवर डेमो टाकलाय. जर्मनीतला माझा चुलतभाऊ म्हणतो सापडतच नाही. (सांगली)

तिथे 15 नोव्हेंबर 2024 पासून ज्या गेमला वयाचं रेटिंग नाही तो स्टीम, म्हणजे पीसी गेमचं ते ऑनलाइन दुकान, दाखवतच नाही. स्टीमवर आयएआरसीचं सर्टिफिकेट नाही चालत, त्यांचा स्वतःचा कंटेंट सर्व्हे आहे, तो पूर्ण भर, जर्मनीपुरतं रेटिंग त्यातूनच फुकट निघतं. तू बहुतेक नंतर भरू म्हणून सोडून दिला असणार. भरून झाला की भावाला परत बघायला सांग.

2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानंतर आपल्याकडे पण सरकारी रेटिंग बोर्ड येणार का? आम्हा छोट्या लोकांना परवानग्या घेत फिरावं लागेल का? (छत्रपती संभाजीनगर)

तो कायदा ऑगस्ट 2025 मध्ये पास झाला, 22 तारखेला राष्ट्रपतींची सही झाली, आणि त्याचा मुख्य रोख पैशाच्या गेमवर आहे. पैसे भरून खेळायचं आणि पैसे जिंकायचे, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा, बंद. असा गेम चालवला तर 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, नुसती जाहिरात केली तरी 2 वर्षं आणि 50 लाखांपर्यंत. त्यामुळे तुझ्या गेममध्ये 'एंट्री फी भरा, बक्षीस जिंका' अशी स्पर्धा टाकायचा विचार असेल तर आधी वकिलाला विचार, रेटिंग राहू दे बाजूला. साधा विकत घ्यायचा गेम असेल तर तो पैशाचा गेम ठरत नाही.

वयाच्या रेटिंगचं बोलशील तर वेब सिरीजवर दिसतात ते यू/ए 7+, 13+, 16+ हे 2021 च्या आयटी नियमांतले वर्ग आहेत, ते ओटीटीसाठी, गेमसाठी नाहीत.

सरकारी बोर्ड असावं का? मला विचारशील तर भीतीच वाटते. अमेरिकेत 1993 मध्ये मॉर्टल कॉम्बॅट आणि नाइट ट्रॅप या गेमवरून सिनेटमध्ये गदारोळ झाला, तेव्हा कायदा येऊ नये म्हणून इंडस्ट्रीने स्वतःच 1994 ला ईएसआरबी उभं केलं, ते आजही सरकारी नाही. उलट दक्षिण कोरियात रेटिंग कायद्यानेच लागतं, आणि 2019 मध्ये तिथे शाळकरी पोरांनी हौसेने बनवलेले फुकटचे फ्लॅश गेम (ब्राउझरमध्ये चालणारे छोटे गेम) सुद्धा रेटिंगशिवाय ठेवता येणार नाहीत म्हणून निघू लागले. बारा-तेरा वर्षांची पोरं, त्यांनी फी भरून रेटिंग घ्यायचं! ओरड झाली तेव्हा ना नफा हौशी गेमना सूट द्यायचं ठरलं. वाईट हेतू कुणाचाच नव्हता, नियम लिहिताना मोठ्या कंपन्याच डोळ्यासमोर होत्या एवढंच. आपल्याकडे कधी काही आलंच तर हौशी आणि एकट्या लोकांची सूट पहिल्या दिवसापासून लिहिलेली पाहिजे, नंतर मागून मिळत नाही सहसा.

कन्सोलवर जायचं तर रेटिंगला किती खर्च येतो? (ठाणे)

निन्टेन्डो, प्लेस्टेशन, एक्सबॉक्सच्या ऑनलाइन स्टोअरवर फक्त डिजिटल विकणार असशील तर तोच आयएआरसीचा फुकट फॉर्म. एका स्टोअरवर मिळालेल्या सर्टिफिकेटचा नंबर दुसरीकडे चालतो, परत भरत बसू नको. खर्च येतो तो डब्यातल्या गेमला, कार्ट्रिज किंवा डिस्क काढायची म्हटलं की प्रत्येक बोर्डाकडे वेगळा अर्ज, वेगळी फी, गेमचे व्हिडिओ काढून पाठवायचे. म्हणून इंडी लोक आधी डिजिटलच काढतात आणि डब्याचं काम प्रकाशकावर सोडतात. घाबरू नकोस, पुण्याच्या नॉडिंग हेड्स स्टुडिओचा राजी हा गेम 2020 मध्ये निन्टेन्डो स्विचवर आला, आपल्याकडची माणसं या वाटेने जाऊन आलीयेत.

खरं सांगू का, त्या फॉर्ममध्ये सगळ्याला 'नाही' टाकून 3+ घेतलं तर कळतं कुणाला? (सोलापूर)

कळतं. सगळे गेम आधी तपासत नाहीत, पण नंतर तपासतात, आणि तक्रार आली तर हमखास. मग रेटिंग वरून बदलतं किंवा गेमच स्टोअरवरून जातो, आणि तेव्हा तुझी बाजू ऐकायला कुणी फोनवर नसतं, उत्तरं देणारा बॉट असतो. कुठला प्रश्न दोन्हीकडे झुकतोय असं वाटलं तर त्या जागेचा स्क्रीनशॉट आणि तू काय उत्तर का दिलंस ते एका फाइलमध्ये लिहून ठेव, अपील करायची वेळ आली तर तेच चिकटवायचं. आणि पुढच्या अपडेटमध्ये चॅट टाकलंस किंवा खरेदी टाकलीस तर फॉर्म परत भरावा लागतो, हे निम्मे लोक विसरतात.