म्हैस कधी विणार?

प्रश्न : आमच्या मुऱ्हा म्हशीला १५ ऑक्टोबरला कृत्रिम रेतन केलं. घरचे म्हणतात, नऊ महिने नऊ दिवस. जुलै संपला, तरी व्याली नाही. इंजेक्शन द्यावं का?
– एक वाचक, सांगोला

उत्तर : दादा, इंजेक्शन अजिबात नको. नऊ महिन्यांचा हिशोब गाईचा. तिला साधारण २८० दिवस लागतात. म्हशीला सुमारे ३१० दिवस, म्हणजे दहा महिने सहा दिवस. तुमची तारीख येते २१ ऑगस्ट. दहा दिवस पुढेमागे धरा.

आता मला एक सांगा, रेतनानंतर ती पुन्हा माजावर आली होती का? नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात कुणी रेड्याकडे नेली असेल, तर मोजणी तिथून करायची. ५ नोव्हेंबरला भरवली असेल, तर ११ सप्टेंबर. म्हशीचा माज मुका असतो, म्हणजे बाहेरून सहज कळत नाही, त्यामुळे घरात सगळ्यांना विचारा. गाभण तपासणी झाली असेल तर तो कागदही काढा.

अजून दूध काढत असाल तर आजच डॉक्टरांना विचारून आटवायला घ्या. विण्याआधी दोन महिने कासेला विश्रांती हवी होती.

कास भरली, शेपटीच्या मुळाशी खड्डे पडले की रात्री गोठ्यात लक्ष ठेवा. ती पोटावर लाथा मारतेय, ऊठबस करतेय, पण पाणमोट (विताना आधी बाहेर येणारी पाण्याची पिशवी) दिसत नाही, तर गर्भाशयाला पीळ पडलेला असू शकतो. म्हशींत हे बरंच आढळतं. तेव्हा सकाळची वाट पाहू नका, डॉक्टरांना लगेच बोलवा.