महिन्याला ५०० रुपयेच देऊ शकतो, प्राण्यांच्या संस्थेला दिले तर उपयोग होतो का की नुसते पगारात जातात? आणि पैसे सोडून काय करता येईल?

पगारात जातात, हो. जायलाच पाहिजेत. मी पुण्यात एका छोट्या शेल्टरचे हिशोब बघतो (फुकट, रविवारचे) आणि हा प्रश्न दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतंच. आता बघा, चावरं कुत्रं जाळीत पकडणारा माणूस, ड्रेसिंग करणारा पोरगा, केनेल (कुत्र्यांचे पिंजरे) धुणाऱ्या मावशी, ही सगळी पोटापाण्यासाठी काम करणारी माणसं. पावसाळ्यात जखमेत अळ्या पडलेलं कुत्रं येतं, त्या अळ्या चिमट्याने एकेक करून काढायच्या, वास असा की जेवण जात नाही, आणि हे रोज. हौशी व्हॉलंटियर एकदा करतो, रील टाकतो, पुढच्या रविवारी गायब. औषधं आणून देणारे भरपूर भेटतात हो, ड्रायव्हरचा पगार द्यायला कोणी पुढे येत नाही, आणि ड्रायव्हर नसला की दान मिळालेली अँब्युलन्स नुसती गेटात उभी.

परळचं बैलघोडा हॉस्पिटल माहिती असेल, ते १८८३ साली दिनशॉ पेटिटांच्या देणगीतून उभं राहिलं आणि त्याला त्यांच्या पत्नीचं, साकरबाईंचं नाव आहे. इमारतीला नाव लावता येतं. डिझेलला कोण लावणार? म्हणून तुमचे ५०० रुपये दर महिन्याला ठरलेल्या तारखेला आले, आणि "कशालाही वापरा" म्हणून आले, तर वाढदिवसाला एकदम आलेल्या ५००० पेक्षा मला ते जास्त कामाचे वाटतात कारण त्यावर पुढच्या महिन्याचा हिशोब मांडता येतो. यूपीआय ऑटोपे लावा आणि विसरून जा.

दुसरं म्हणजे फोटो बघून संस्था निवडू नका. पाय तुटलेल्या पिल्लाचा फोटो टाकला की पैसे येतात, नसबंदीला येत नाहीत, कारण त्यात बघण्यासारखं काहीच नसतं, भूल उतरत असलेलं कुत्रं आणि कानाला खाच (नसबंदी झाल्याची खूण). पण एक मादी वर्षातून दोनदा विऊ शकते, तिची नसबंदी आणि रेबीजची लस झाली की पुढची कितीतरी पिल्लं गाडीखाली यायची वाचतात. लसीचं तर गोव्याने दाखवूनच दिलंय, तिथे मिशन रेबीज ही संस्था आणि सरकारने मिळून वर्षानुवर्षं रस्त्यावरची कुत्री टोचली आणि २०२१ मध्ये गोवा देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं. भागातल्या साधारण ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रेबीज पसरायची साखळी तुटते असं धरतात, म्हणजे हे काम सलग चालू राहिलं तरच उपयोग.

खात्री कशी करायची? महाराष्ट्रातला ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी नंबर असतो, तो मागा, मागच्या वर्षीचा ऑडिट झालेला ताळेबंद मागा. चिडले तर दुसरी संस्था बघा. पैसे ट्रस्टच्याच खात्यात जातायत ना बघा, कोणाच्या पर्सनल नंबरवर नाही. आणि एका शनिवारी स्वतः जाऊन या, पाणी स्वच्छ आहे का, आजारी आणि धडधाकट कुत्री वेगळी ठेवलीयत का, एवढं बघितलं तरी बरंच कळतं. ८०जी ची (देणगीवरची इन्कम टॅक्सची) सूट जुन्या टॅक्स रिजीममध्ये असाल तरच, आणि २००० च्या वर कॅश दिली तर तीही नाही. अमेरिकेत सिटिझन झालेल्या चुलतभावाकडून पैसे घेऊन देणार असाल तर संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणगी घ्यायची) नोंदणी लागते, हे आधी विचारा, नाहीतर संस्थाच अडचणीत.

पैसे सोडून म्हणाल तर रद्दी पेपर, जुन्या चादरी, टॉवेल कायम लागतात. ग्लुकोज बिस्किटांचे खोके प्लीज नको. वाढदिवसाला वेगळंच डॉगफूड पोतं भरून आणून लगेच "आत्ताच घाला, फोटो काढायचाय" असंही नको, दुसऱ्या दिवशी सगळ्या केनेलला जुलाब, आणि ते धुणार मावशी. पिल्लं महिनाभर घरी सांभाळणारं कोणी मिळालं तर सोनंच, कारण शेल्टरमध्ये लहान पिल्लांना पार्वो (जीवघेणा संसर्ग) लागायची फार भीती.

पण सगळ्यात जास्त गरज कशाची सांगू, तुमच्या गल्लीत कुत्र्यांना रोज खायला घालणारे जे कोणी असतील (तुम्ही स्वतः असाल तर उत्तमच) त्यांनी नसबंदीसाठी कुत्री पकडायच्या दिवशी सकाळी हजर राहायचं. जाळी बघितली की कुत्री पळतात, ओळखीच्या माणसाने हाक मारली की येतात, अर्ध्या दिवसाचं काम तासात होतं. आणि ऑपरेशन झालेलं कुत्रं नसबंदीच्या २०२३ च्या सरकारी नियमांप्रमाणे सहसा जिथून उचललं तिथेच परत सोडतात, तेव्हा सोसायटीतले काका भांडायला येतातच, "दुसरीकडे सोडा" म्हणून. त्यांच्याशी आमच्या ड्रायव्हरने बोलण्यापेक्षा तिथे राहणाऱ्या माणसाने बोललेलं बरं पडतं.