एक ना धड, भाराभर तारा

"मॅडम, एक ना धड भाराभर चिंध्या, अशी गत आहे हिची." माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या आईंनी खुर्ची ओढता ओढताच सांगून टाकलं. मुलगी शेजारी बसली होती, मांडीवर बुटांचं खोकं घेऊन. वय वीस, कला महाविद्यालयाचं तिसरं वर्ष. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, नाव तर सांगतच नाही.)

तक्रार ओळखीची होती. पहिलं वर्षभर ही नुसती चित्रं काढत होती. दुसऱ्या वर्षी गेम डिझाइनचं खूळ शिरलं. आता तीन महिने झाले, हातात पक्कड आणि घरभर तारेचे तुकडे. "हिच्या बरोबरीच्या मुलांचं ठरलंय सगळं. सरही म्हणाले, तुझ्या कामात दिशा दिसत नाही. आमची ऐपत आहे तोवर शिकवू, पण हिने काय करायचं ते तरी ठरवावं ना?"

ही धरसोड आहे का, हा प्रश्न कलाशाखेतल्या मुलांचे पालक हमखास विचारतात. मी उत्तर दिलं नाही. पुढच्या वेळी सगळं काम घेऊन ये, एवढंच तिला सांगितलं. अर्धवट, फाटकं, फसलेलंसुद्धा.

ती दोन पिशव्या आणि लॅपटॉप घेऊन आली. मी चित्रकलेतली जाणकार नाही, पण तासभर जमिनीवर बसून बघितल्यावर मलाही एक गोष्ट दिसली. स्केचबुकांत बहुतेक हातच हात होते, आणि प्रत्येक हात पेन न उचलता एका रेघेत काढलेला. गेममध्ये खेळणारा एक दोरा ओढत खोल्या ओलांडतो; नियम असा की स्वतःचाच दोरा ओलांडायचा नाही. आणि खोक्यातलं तारेचं मांजर शेपटीच्या टोकापासून मिशांपर्यंत एका सलग तारेचं होतं, कुठे कापलेली नाही, जोडलेली नाही.

"तार तोडत का नाहीस?"

"तोडली की खोटं वाटतं. पेन उचलल्यासारखं."

मला फार आनंद झाला, आणि इथे माझी चूक झाली. मी आईंना आत बोलावून विजयी मुद्रेने जाहीर केलं की ही भाराभर कामं नाहीत, काम एकच आहे. रेघ फक्त कागदावरून पडद्यावर आणि पडद्यावरून हवेत गेली. वर दोन दाखलेही दिले. अमेरिकी शिल्पकार अलेक्झांडर काल्डर यांनी 1919 मध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली, पुढे वर्तमानपत्री रेखाटनं केली, सर्कसची चित्रं काढली, आणि 1926 च्या सुमारास पॅरिसमध्ये तारेतून माणसं वळवायला लागले. त्यांच्या तारकामाला तेव्हापासून अवकाशातलं रेखाटन म्हटलं जातं. दुसऱ्या शिल्पकार गेगो. जन्म 1912 चा, जर्मनीत वास्तुकला आणि अभियांत्रिकी शिकून 1939 मध्ये व्हेनेझुएलात गेल्या. सत्तरच्या दशकात त्यांनी तारेच्या कामांची जी मालिका सुरू केली तिचं नावच 'कागदाविना रेखाटनं'.

आईंचा चेहरा सैल झाला. मुलीचा नाही. "त्यांचं झालं ना पुढे," ती एवढंच म्हणाली.

तीन आठवड्यांनी ती परत आली, तेव्हा आवाजावर काहीतरी करायला लागली होती. जुना फोन, घरातले आवाज, त्यांचे तुकडे. आईंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही. म्हणजे धागा एकच असल्याचं माझं निदान खोटं नव्हतं, पण त्याने तिची अडचण सुटत नव्हती. मोठ्या कलावंतांचे दाखले पालकांना धीर देतात. मुलांना ते बहुधा दबावासारखे लागतात. हे मला आधीच माहीत असायला हवं होतं.

म्हणून पुन्हा जमिनीवर बसले. या वेळी काय काय केलंय ते न बघता कुठे कुठे सोडलंय ते बघितलं.

स्केचबुकांतला एकही हात मोठ्या कागदावर गेला नव्हता. गेमची पहिली लेव्हल तिने चाळीसेक वेळा बदलली होती, पण वर्गातल्या कुणालाही एकदासुद्धा खेळायला दिली नव्हती. तारेच्या एकाही आकृतीला बैठक नव्हती, त्यामुळे एकही उभी राहू शकत नव्हती. सगळ्या खोक्यात आडव्या. प्रत्येक काम थांबलं होतं ते जमत नाही म्हणून नाही. पुढची पायरी दुसऱ्या कुणी बघण्याची आली की ही नवीन सामान आणायची.

मी हे तिला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ हातातली तार वाकवत राहिली. मग म्हणाली, "गेममध्ये सोपं असतं मॅडम. अनडू असतं. तारेत नसतं." तिने दाखवलंच. एकाच जागी तार पुढे-मागे वाकवत गेली; आधी ती जागा कडक झाली, मग कट्‌कन तुटली. धातूचा हा गुणच आहे, वाकवू तसा तो ताठर होत जातो. तांब्याची तार तापवून पुन्हा मऊ करता येते, पण वळण सरळ करून पहिल्यासारखी कोरी तार काही मिळत नाही. "म्हणून तारेवर मी जास्तीत जास्त तीनदा बदल करते. मग आहे तसं." गेममध्ये चाळीस आणि तारेत तीन! मला वाटतं तिला तार का आवडली त्याचं निम्मं उत्तर यातच होतं. तार तिला थांबायला लावत होती.

उपाय माझ्या डोक्यातून आला नाही, तिच्याच अभ्यासक्रमात होता. गेम डिझाइनमध्ये प्लेटेस्ट असते. खेळ अर्धाकच्चा असतानाच, कधी नुसत्या कागदाच्या चौकटी आणि सोंगट्यांवर, दुसऱ्याला खेळायला देतात. बनवणाऱ्याने शेजारी बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. समजावायचं नाही, "अजून पूर्ण नाहीये हं" असंही म्हणायचं नाही. खेळणाऱ्याचा हात कुठे अडतो, तो कुठे चुकीचा अर्थ लावतो, कुठे कंटाळतो, हे टिपायचं. शेवटी "आवडला का?" असं विचारत नाहीत, "इथे काय चाललंय असं तुला वाटलं?" असं विचारतात. दुसऱ्यांच्या खेळांची प्लेटेस्ट ही मुलगी उत्तम घ्यायची. स्वतःच्या कामाची कधीच नाही.

तेव्हा आम्ही ठरवलं: एक लेव्हल, एक हात, एक मांजर. तीन माणसं. प्रत्येकाला प्रत्येक कामासाठी पाच मिनिटं. हिने गप्प बसून फक्त लिहायचं. चित्राची आणि तारेचीही प्लेटेस्ट घ्यायची, ही कल्पना तिला हास्यास्पद वाटली आणि म्हणूनच बहुधा तिने ती मान्य केली. पहिलं माणूस म्हणून मी आईंचं नाव सुचवलं. दोघींनाही ते पसंत नव्हतं.

झालं ते तिच्या वहीतून सांगते. आईंनी मांजर उलटं धरलं. मग सुलटं केलं, टेबलावर ठेवलं, ते पडलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा पडलं. नोंद: "चार वेळा उभं करायचा प्रयत्न." हाताच्या चित्रावर त्यांनी रेघेची सुरुवात शोधत बोट फिरवलं. नोंद: "सुरुवात अंगठ्यात आहे, आईला करंगळीत वाटली." गेममध्ये त्या तिसऱ्या खोलीत स्वतःच्याच दोऱ्यात अडकल्या आणि म्हणाल्या, "आता मागे कसं जायचं?" हिला बोलायची परवानगी नव्हती. मग त्याच म्हणाल्या, "बरं, म्हणजे अडकणं हाच खेळ आहे होय," आणि हसल्या.

ते वाक्य वहीत दोनदा अधोरेखित केलेलं आहे. नंतर तिने नियम बदलला. खेळणारा अडकला की खोली नव्याने सुरू होते, पण आधीचा दोरा फिकट होऊन तिथेच राहतो. म्हणजे पुढच्या वेळी आपली चूक दिसत राहते आणि तिच्या आधाराने वाट काढता येते. मला खेळांतलं कळत नाही, तरी हा नियम मला सुरेख वाटला.

आईबाबांशी मी स्वतंत्रपणे बोलले. पुढे नोकरी कसली, हे मी सांगू शकत नाही, तसं स्पष्टच सांगितलं. खेळ बनवणाऱ्यांना रेखाटनही लागतं आणि हातांनी वस्तू घडवण्याची सवयही. मारिओ या व्हिडिओ गेमचे जनक शिगेरू मियामोतो मुळात औद्योगिक डिझाइन शिकलेले, आणि 1985 च्या त्यांच्या गाजलेल्या खेळातल्या लेव्हल्स आधी चौकटीच्या कागदावर काढलेल्या होत्या. पण हा दाखला मी या वेळी फक्त बाबांना दिला. विसाव्या वर्षी माध्यमं किती, हे मोजत बसू नका. काम कुठल्या पायरीवर सुटतं ते बघा, असं म्हटलं. दर वेळी वेगळ्या पायरीवर सुटत असेल तर बहुधा तो शोध असतो. एकाच पायरीवर सुटत असेल तर त्या पायरीशी काहीतरी आहे. आणि एक सूचना सगळ्याच पालकांना देते: नवनवीन कामं धडाधड सुरू होतायत, त्याबरोबर झोपही फार कमी झालीय, बोलणं सुसाट झालंय किंवा नंतर दिवसेंदिवस अंथरुणातून उठवत नाहीये, असं असेल तर तो कलेचा प्रश्न समजू नका. आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटा. या मुलीत तसं काही नव्हतं.

वर्गातल्या दोघांच्या प्लेटेस्ट व्हायला आणखी दीड महिना गेला. मध्ये एकदा ती भेटीला आलीच नाही. एकदा आली आणि पूर्ण वेळ रडली, कारण एका मित्राने मांजराला कुत्रा म्हटलं होतं. तेही वहीत आहे.

परवा आईंचा फोन आला. "मॅडम, आता घरात माती आणलीय."

मी विचारलं, "आणि मांजर?"

"ते होय? ते टीव्हीशेजारी आहे. लाकडाच्या ठोकळ्यावर बसवलंय तिने. आता पडत नाही."