फ्रेंडशिप पीकला निघालेल्या पोरास

सोलापूर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

मे महिन्यात चौघं दोस्त मिळून मनालीजवळचं फ्रेंडशिप पीक हे शिखर चढणार आणि वरून स्कीवर उतरणार, बेत झकास आहे. पण चौघांपैकी एकानंही आजवर पायात स्की घातलेली नाही, हे तू अगदी शेवटच्या ओळीत लिहिलंस. मी तिथूनच सुरुवात करतो.

चढायला लागणारा दम इथं कमावता येतो. पार्क स्टेडियमच्या पायऱ्या आहेत, तुळजापूरचा घाट आहे. पाठीवर वजन घेऊन चढा-उतरा, तेही पहाटेच; नाहीतर बर्फाआधी आपलं ऊनच आडवं करेल. स्की मात्र सोलापुरात शिकता येत नाही, व्हिडिओ बघून तर मुळीच नाही. मनालीच्या अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेचे स्कीचे कोर्स असतात. यंदा तेवढंच करा, शिखर पुढच्या वर्षी. थकलेल्या पायांनी उतरणं हा या खेळातला अवघड भाग आहे, आणि तुम्ही त्याला बक्षीस समजताय.

चढताना स्कीच्या तळाला स्किन नावाची पट्टी चिकटवतात. मखमलीवरून हात एका बाजूनं सरकतो, उलट फिरवला की अडतो, तसंच तिचं: पुढं जाते, मागं घसरत नाही. उतार फार उभा झाला की स्की पाठीवर, बुटांना क्रॅम्पॉन म्हणजे बर्फात रुतणारे लोखंडी दाते, हातात आइस ॲक्स म्हणजे बर्फाची कुदळ. माथ्यावर वाऱ्यात त्या पट्ट्या काढायच्या, गोंदाची बाजू आत घेऊन दुमडायच्या आणि जॅकेटच्या आत ठेवायच्या, कारण गोंद गारठला की धड चिकटत नाही. हे सगळं जाड हातमोजे घालून जमतं का, ते घरीच करून बघ. तिथं उडालेला हातमोजा परत मिळत नसतो.

सोलापूर साधारण साडेचारशे मीटरवर, ते शिखर 5289 मीटरवर. तिथं दर श्वासाला ऑक्सिजन जवळपास निम्मा. 3000 मीटरच्या पुढं रोजचा मुक्काम 500 मीटरपेक्षा जास्त वर न्यायचा नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस आराम. डोकं दुखून मळमळत असेल तर तिथंच थांबायचं. चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी खाली उतरायचं.

हिमस्खलनं, म्हणजे बर्फाचे थर सुटून खाली कोसळणं, बहुतेक करून 30 ते 45 अंशांच्या उतारावर होतात, म्हणजे स्कीला मजा येते नेमक्या त्याच उतारावर. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर आशा चांगली, पुढं ती झपाट्यानं घटते. एवढ्या वेळात बाहेरून कोण येणार? काढणारे उरलेले तिघंच. म्हणून बीकन (अंगावर बांधायचं, गाडलेल्याचा संकेत पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाकडं हवं. बीकन हातात आले की सीना नदीच्या वाळूत एक पुरा आणि घड्याळ लावून शोधा.

खरी धास्ती मला बर्फाची नाही, तुमच्या ‘चल की बे’ची आहे. एकाला वर भीती वाटली तरी तो तोंड उघडणार नाही, कारण मग वर्षभर सात रस्त्यावर चहा पिताना त्याचीच खेचाखेची. तेव्हा इथंच ठरवा: एकानं ‘परत’ म्हटलं की चौघं परत, कारण विचारायचं नाही. परतायची वेळही आधीच ठरवा. ऊन चढून बर्फ भिजायच्या आत धोक्याच्या उतारावरून खाली आलेलं बरं. आणि तो उतार एकेकानंच उतरायचा, बाकीच्यांनी आडोशाला उभं राहून त्याच्यावर नजर ठेवायची. रांगेनं फोटो काढायची हौस खाली मनालीजवळच्या सोलंग खोऱ्यात भागवा.

शेंगाचटणी आणि कडक भाकरी बरोबर घ्या. उंचीवर भूक मरते, गोड नकोसं होतं, तेव्हा खारट-तिखट घशाखाली उतरतं.

कोर्सच्या फॉर्मबरोबर डॉक्टरांचा दाखला लागतो, तो आधी काढ. रविवारी पहाटे चौघंही पार्क स्टेडियमवर या, पिशव्या भरून.

तुझा,
काका