एलडीएल ‘नॉर्मल’, मग स्टॅटिन कशाला?

प्रश्न : वय ४८, सातपूरला कारखान्यात पाळीची नोकरी. कंबर ९८ सेंमी, बीपी १३८/८८, उपाशीपोटी साखर १३२, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.१. एकूण कोलेस्टेरॉल २१२, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ३१०, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) ३४, एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) ११६. वाढलंय ट्रायग्लिसराइड आणि डॉक्टरांनी दिली रोसुव्हास्टॅटिन १०. गोळी चुकली का?

नाही, गोळी बरोबर आहे. रोसुव्हास्टॅटिन ही स्टॅटिन गटातली, म्हणजे मुख्यतः एलडीएल उतरवणारी गोळी. कंबर, बीपी, साखर, ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल हे मेटाबोलिक सिंड्रोमचे (हृदयविकार-मधुमेहाचा धोका वाढवणाऱ्या दोषांच्या जुडग्याचे) पाच निकष; तीन भरले तरी निदान होतं. तुमचे पाचही भरतात, आणि साखर तर मधुमेहात गेली आहे. अशा वेळी एलडीएलचा आकडा फसवतो. ट्रायग्लिसराइड चढलं की एलडीएलचे कण लहान आणि दाट होतात. प्रत्येक कणात कोलेस्टेरॉल कमी, पण कण जास्त. लॅब मोजते कोलेस्टेरॉल, धमनीच्या भिंतीत शिरतात ते कण.

म्हणून रिपोर्टवर पेनाने एक वजाबाकी करा: २१२ वजा ३४, म्हणजे १७८. हे नॉन-एचडीएल. रक्तवाहिन्यांना त्रास देणारं सगळं कोलेस्टेरॉल त्यात येतं. तुमच्यासारख्यांत ते १००च्या खाली आणि एलडीएल ७०च्या खाली हवं. रोसुव्हास्टॅटिन १० ने एलडीएल साधारण ४५ टक्के उतरतं, ट्रायग्लिसराइडही १० ते ३० टक्के. साखर ताळ्यावर आली की ते आणखी खाली येईल. ६ ते ८ आठवड्यांनी परत तपासा. थोडक्यासाठी अडलं तर डोस वाढवण्याऐवजी इझेटिमाइब १० (आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषू न देणारी गोळी) जोडणं आम्हाला जास्त पटतं. स्टॅटिन दुप्पट केली तर जेमतेम ६ टक्के जादा घट मिळते, इझेटिमाइबने २०च्या आसपास.

राहिली फेनोफायब्रेट, म्हणजे खास ट्रायग्लिसराइड उतरवणारी गोळी. २०१०च्या ॲकॉर्ड चाचणीत मधुमेहींना सिम्वास्टॅटिनवर ही गोळी जोडली, तरी एकंदरीत हृदयविकार लक्षणीय घटला नाही. २०२२ मध्ये याच गटातल्या पेमाफायब्रेटचंही तेच झालं: ट्रायग्लिसराइड छान उतरलं, हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. ३१० साठी फेनोफायब्रेटची घाई नको.

प्रश्न : पिंपळगाव बसवंतजवळ द्राक्षबाग आहे. ट्रायग्लिसराइड ६४०, एलडीएलच्या जागी नुसती रेघ. ओळखीच्या मेडिकलमधून फेनोफायब्रेट १६० आणली. द्राक्षं खाल्ली की स्टॅटिन बाधते म्हणतात, खरं का? संध्याकाळी वाइन असते.

बऱ्याच लॅब एलडीएल थेट मोजत नाहीत, सूत्राने काढतात: एकूण वजा एचडीएल वजा ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग. ट्रायग्लिसराइड ४०० ओलांडलं की हे सूत्र चालत नाही, म्हणून ती रेघ.

आधी काही दिवस वाइन पूर्ण बंद ठेवा, मग १२ तास उपाशी राहून परत तपासा. सोबत साखर, टीएसएच (थायरॉइड), क्रिएटिनिन (मूत्रपिंड), एसजीपीटी (यकृत) याही तपासण्या करा. ५००च्या वरच राहिलं तर फेनोफायब्रेट योग्य, पण ती प्रामुख्याने स्वादुपिंड वाचवण्यासाठी. आकडा हजाराकडे सरकला की स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका फार वाढतो. बेंबीच्या वर जोराचं दुखून पाठीत कळ जात असेल, उलट्या होत असतील, तर ॲसिडिटी समजून घरी थांबू नका.

१६०ची गोळी जेवणासोबतच घ्यायची, रिकाम्या पोटी नीट शोषली जात नाही. पित्ताशयात खडे असतील किंवा मूत्रपिंड फारच कमजोर असेल तर नको. म्हणूनच ती परस्पर मेडिकलमधून आणायची गोळी नाही. गोळीने क्रिएटिनिन थोडं वाढतं, बंद केल्यावर बहुधा उतरतं. जोडीला स्टॅटिन देता येते. याच गटातल्या जेमफायब्रोझिलसोबत मात्र स्टॅटिन टाळतात, स्नायूंना इजा होण्याचा धोका फार.

द्राक्षांनी स्टॅटिन बाधत नाही. बाधतं ते ग्रेपफ्रूट, संत्र्याच्या कुळातलं फळ. आतड्यातलं औषध मोडणारं एन्झाइम ते अडवतं, मग सिम्वास्टॅटिन आणि काही प्रमाणात ॲटोर्व्हास्टॅटिन रक्तात जास्त साठते. तुमची अडचण वाइनची आहे, आणि बागेत फिरता फिरता पोटात जाणाऱ्या किलोभर द्राक्षांची. त्यात दीडशे ग्रॅमच्या आसपास साखर जाते.

प्रश्न : आई ६१ वर्षांची, पंचवटीत असते. ॲटोर्व्हास्टॅटिन ४० ने मांड्या दुखतात म्हणून तिने महिन्यापूर्वी स्वतःच बंद केली. साखरही वाढते म्हणे.

स्टॅटिनचं दुखणं बहुधा दोन्ही बाजूंना सारखं असतं: मांड्या, नितंब, पोटऱ्या. जिना उतरताना एकच गुडघा दुखत असेल तर ते गुडघ्याचं. महिनाभर गोळी बंद असूनही दुखत असेल तर गोळीवर आळ घेऊ नका. सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम), टीएसएच, व्हिटॅमिन डी तपासून घ्या. थायरॉइड मंदावलं की कोलेस्टेरॉलही चढतं आणि स्नायूही दुखतात. मध्यंतरी खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं होतं का, तेही आठवा. त्याने ॲटोर्व्हास्टॅटिनची पातळी वाढते.

गोळी चालू असताना सीपीके कमाल मर्यादेच्या १० पटींवर गेलं किंवा लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर ती लगेच बंद आणि त्याच दिवशी दवाखाना. तसं काही नसेल तर डॉक्टरांना विचारून रोसुव्हास्टॅटिन ५ एक दिवसाआड सुरू करता येते. बहुतेकांना अशी चालते.

साखर थोडी वाढते, हे खरं. २०१०च्या एका एकत्रित विश्लेषणात २५५ जणांनी चार वर्षं स्टॅटिन घेतल्यावर एकाला जादा मधुमेह झाला. झटके त्याहून जास्त टळतात.

प्रश्न : एचडीएल ३६ आहे. नायसिन (व्हिटॅमिन बी३) घेऊ की माशाच्या तेलाच्या कॅप्सूल?

दोन्ही नको. स्टॅटिनवर असलेल्यांना नायसिन देऊन २०११ आणि २०१४च्या मोठ्या चाचण्यांत काही हाती लागलं नाही. एचडीएलचा आकडा वाढला, झटके घटले नाहीत. माशाच्या तेलाच्या १००० मिग्रॅच्या साध्या कॅप्सूलमध्ये कामाचं ओमेगा-३ बहुधा ३०० मिग्रॅच असतं. ट्रायग्लिसराइड उतरवायला रोज ४ ग्रॅमच्या आसपास लागतं, म्हणजे दिवसाला तेरा कॅप्सूल.