जुना टाटा १२१० ट्रक चालवायला खरंच अवघड असतो का? ॲव्हरेज किती देतो? हौस म्हणून एक घ्यावा का?

तुम्ही प्रश्नाखाली जाता जाता लिहिलंय की 'जुने ड्रायव्हर उतारावर न्यूट्रल मारून सहाचं ॲव्हरेज काढायचे म्हणे'. त्या एका वाक्यासाठी उत्तर लिहितोय. भरल्या १२१० ला लिटरला चार किलोमीटर पडायचं, फार तर साडेचार. वाटेत घाट असले तर साडेतीन. रिकामी परत येताना पाचाच्या पुढं. सहा सांगणाऱ्यानं स्वतःच्या पैशानं टाकी भरलेली नाही.

आमची गाडी मामाची होती, १२१० एस.ई., म्हणजे अर्धं नाक बाहेर आणि अर्धं इंजिन केबिनमध्ये. नंबरातला बारा म्हणजे मालासकट बारा टन, आणि दहा म्हणजे शंभराच्या घरातली हॉर्सपॉवर. तेवढ्या ताकदीवर आम्ही कोल्हापूरचा गूळ मुंबईला न्यायचो, आणि पासिंगचं वजन फक्त कागदावर असायचं. आजच्या पोरांच्या पिकपला याच्यापेक्षा फार कमी जोर नसतो. टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, मर्सिडीजबरोबर करार १९५४ ते १९६९. त्या काळातली, नाकावर मर्सिडीजची चांदणी असलेली गाडी मामानं आधी चालवलेली, त्यामुळं १२१० लासुद्धा तो 'जर्मन' म्हणायचा. नवी गाडी नुसती चेसी म्हणून यायची, केबिन आणि हौदा सुतार बांधणार. आमच्या केबिनला सागवान होतं. ते पावसात फुगायचं, आणि क्लिनर साईडचा दरवाजा पावसाळाभर लाथ घातल्याशिवाय उघडायचा नाही.

अवघड होती का? उभ्या गाडीचं स्टिअरिंग वळवायचा प्रयत्न केलात की उत्तर मिळेल. पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळं आधी गाडी थोडी हलवायची आणि मग वळवायची. बाजारपेठेत गाडी लावून झाली की खांदे भरून यायचे. पण खरी परीक्षा गिअरची. आमच्या गिअरबॉक्सला सिंक्रो, म्हणजे गिअर टाकताना वेग आपोआप जुळवणारी सोय, नव्हतं, सगळं डबल क्लचवर. खालचा गिअर टाकायचा तर क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून ॲक्सिलेटरची एक थाप, पुन्हा क्लच आणि मग गिअर. ती थाप किती द्यायची हे डोळ्यांनी कळत नाही, कानानं कळतं. खंबाटकीला बोगदा नव्हता तेव्हा जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्या गाड्या एकाच घाटरस्त्यानं. वळणावर थाप चुकली की गिअर पडत नाही, भरलेली गाडी जागच्या जागी उभी राहते आणि पुढच्या क्षणी मागं सरकायला लागते. क्लिनर लाकडी ठोकळा घेऊन चाकामागं उडी मारतो आणि मागचे सगळे आपल्या खानदानाचा उद्धार करतात. पहिले काही महिने खंबाटकीतली दोन वळणं मला झोपेतही दिसायची. नंतर हात बसला. मग असं झालं की क्लच न दाबताही गिअर पडायचा, नुसत्या आवाजावर. हे फुशारकी म्हणून सांगतोय, असं समजलात तरी हरकत नाही.

आता न्यूट्रल. मामा एरवी देवमाणूस. पण डिझेल म्हटलं की त्याचा जीव वरखाली व्हायचा. एक्स्प्रेस वे २००२ चा, त्याच्या आधी सगळी वाहतूक जुन्या रस्त्यानं खंडाळ्याचा घाट उतरायची. एकदा मामा केबिनमध्ये शेजारी बसलेला, मागं गुळाचे रवे. मी खंडाळ्यालाच दुसऱ्यात गाडी घातली. ज्या गिअरला घाट चढतो त्याच गिअरला उतरायचं, हे मला ज्या उस्तादानं शिकवलं त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. इंजिन ओरडायला लागलं आणि मामा माझ्यावर. "काढ की गिअर! उताराला गाडी फुकट जातीया, कशाला इंजिन पिळतोस? डिझेल काय तुझ्या बानं ठिवलंय?" मी काढला नाही. शिंगरोबाच्या देवळाशी मामानं गप्प नाणं टाकलं, हात जोडले आणि पुन्हा सुरू. खोपोलीत चहा पाजला तोही तोंड वाकडं करून. परत आल्यावर वहीत माझं ॲव्हरेज दुसऱ्या ड्रायव्हरपेक्षा कमी निघालं. तो न्यूट्रलवाला. मामानं ते चार लोकांत वाचून दाखवलं, आणि त्यानंतर घरातल्या प्रत्येक लग्नात माझी ओळख 'डिझेल प्यायला देणारा भाचा' अशीच.

पुढं गाडी धूर ओकायला लागली म्हणून इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप उतरवून कऱ्हाडला पंपवाल्याकडं नेला. मायकोचा पंप, सहा सिलिंडरचा. पंपवाल्याच्या बेंचवर तो चढवला की सहा काचेच्या नळ्यांत प्रत्येक सिलिंडरचं डिझेल पडताना दिसतं. मी मामाला मुद्दाम बरोबर नेलेलं. पंपवाल्याला म्हटलं, ॲक्सिलेटरची लिव्हर आयडलवर ठेवा आणि पंप आयडलच्या स्पीडला फिरवा. सहाही नळ्यांत थेंब थेंब पडायला लागलं. म्हणजे न्यूट्रलमध्ये उतरणारी गाडी. मग म्हटलं, लिव्हर तशीच ठेवा, फक्त स्पीड वाढवा. म्हणजे पाय ॲक्सिलेटरवरून काढलेला आणि चाकं इंजिनाला ओढतायत, गाडी गिअरमध्ये. स्पीड वाढला तसा पंपातल्या गव्हर्नरनं डिझेल कमीजास्त करणारा दांडा, म्हणजे रॅक, मागं ओढला आणि नळ्यांत पडायचं बंद. सहाच्या सहा कोरड्या. इंजिन ओरडतंय पण पीत काहीच नाही. न्यूट्रलमध्ये ते शांत असतं आणि पीत असतं.

मामानं नळ्यांकडं बघितलं, पंपवाल्याकडं बघितलं आणि म्हणाला, "हे नळीत. रस्त्यावर येगळं असतंय."

आणि खरं दुखणं हे की मामानं आयुष्यात गाडी कधी ठोकली नाही. न्यूट्रलमध्ये घाट उतरत राहिला आणि म्हातारा होऊन अंथरुणात गेला. त्याच्या बाजूनं एवढा एकच पुरावा आहे आणि सगळा गाव तोच सांगतो. पण ब्रेक हवेवर आणि हवा इंजिनावर. न्यूट्रलमध्ये इंजिन आयडलला, कॉम्प्रेसर हळू, आणि तुम्ही तर दर वळणाला पॅडल दाबताय. हवेच्या दाबाचा काटा खाली येत जातो. त्यात ब्रेकचे ड्रम तापले की लायनर धरत नाहीत. तेव्हा गिअर टाकू म्हणाल तर गाडीनं पकडलेल्या वेगाला तो पडतच नाही, डबल क्लच कितीही येवो. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार बघा. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथं एका ट्रकनं एका दमात कितीतरी गाड्या चेपल्या. उतारावर डिझेल वाचवायचीच गोष्ट तेव्हा बातम्यांत आली. किती रुपयांचं वाचलं असेल, हिशेब करा.

आता मामाच्या बाजूनंही बोलायला हवं, नाहीतर आम्हा आते-मामेभावंडांत पुन्हा पेटेल. लांब, सौम्य उतार असेल, म्हणजे गिअरमध्ये गाडी उगीच मंदावते आणि पुन्हा ॲक्सिलेटर द्यावा लागतो, तिथं न्यूट्रलनं थोडं वाचतं. दुसऱ्या ड्रायव्हरचं ॲव्हरेज त्यामुळंच चढलं असणार. आमच्या रस्त्यावर असले उतार घाटांपेक्षा जास्त आहेत. पण हात त्या सवयीला लागला की घाट आल्यावर थांबत नाही. आणि मूळ दोष ड्रायव्हरचा नाहीच. मालक ट्रिपला मोजून डिझेल देणार आणि उरलेलं ड्रायव्हरचं, असा हिशेब असल्यावर न्यूट्रल कोण मारणार नाही?

हौसेचं म्हणाल तर १२१० मनातच बरी. उन्हाळ्यात बॉनेटच्या उष्णतेनं डावी पोटरी भाजायची, आणि माझा डावा कान आजही कमी ऐकतो. २०२५ मध्ये नव्या ट्रकला एसी केबिन सक्तीची झाली, ते झालं ते उत्तम. त्याला नावं ठेवणाऱ्यांनी मे महिन्यात आमच्या सीटवर बसून दाखवावं. तरीही घ्यायचीच असेल तर खेड्यात पाण्याच्या टँकरला लावलेल्या सापडतील. बारा वर्षांवरच्या दोन एक्सलच्या गाडीला नॅशनल परमिट मिळत नाही, तेव्हा भाड्याचा विचार सोडा. पंधरा वर्षांवरच्या गाडीच्या फिटनेसलाच हजारांनी पैसे जातात. आधी चेसीला वेल्डिंग मारलंय का ते खाली झोपून बघा. कमानपट्टे आणि शाफ्टचे क्रॉस नंतर बदलता येतात.

आणि पंप मात्र बेंचवर लावूनच घ्या. त्या दिवशी मला कळवा, मी माझ्या मामेभावाला घेऊन येतो. बापाचा धंदा आता तोच बघतो, आणि ड्रायव्हरांना अजून मोजूनच डिझेल देतो.